खतावणी विसरलेले इंजिन



चातुर्मासात अनावश्यक प्रवास टाळण्याचा नियम आपल्यापैकी अनेक घरांत पाळला जातो. प्रतापगड येथील आमच्या एका स्नेह्यांनीही तो पाळला आणि त्यांची ऑटोमॅटिक गिअरची पेट्रोल मोटार आषाढापासून कार्तिकापर्यंत जागची हलली नाही. धानाचा हंगाम सुरू होताच अर्जुनी-मोरगावला निघावे, तर बॅटरी पूर्ण उतरलेली! नवी बॅटरी बसवली. पण आता इंजिन तापल्यावरही, उभ्या गाडीत मिनिटाला १५०० फेरे घेऊ लागले. एरवी हा आकडा ७०० ते ९०० असतो. ब्रेकवरील पाय किंचित सैल होताच गाडी पुढे झेपावली. फाटकाशी नातू उभा होता. पाय वेळीच दाबला गेला, म्हणून अनर्थ टळला.

कारागिराने थ्रॉटलचा संपूर्ण भाग बदलण्यास सांगितले. स्नेह्यांनी माझे मत विचारले. मी यंत्रज्ञ नव्हे. परंतु खर्च मंजूर करण्यापूर्वी कारण तपासावे, ही बँकेतील सवय अद्याप सुटलेली नाही.

कारण असे. आजच्या मोटारीत इंजिनाला किती हवा द्यावी, हे एक छोटा संगणक ठरवतो. थ्रॉटलवर काजळी साचत जाते, तसतसा तो आपला हिशेब थोडाथोडा सुधारतो आणि ती नोंद स्मृतीत जपतो. अनेक गाड्यांत बॅटरी तुटताच ही नोंद पुसली जाते. मागील शिल्लक हरवलेल्या मुनिमासारखा तो नव्याने खाते मांडू लागतो. तोवर फेरे कधी वाढतात, कधी घटतात.

उपाय साधा आहे. गाडी मोकळ्या जागी उभी करावी, गिअर ‘पार्क’मध्ये ठेवून हातब्रेक ओढावा आणि समोर कोणासही उभे राहू देऊ नये. दिवे, पंखा, एसी बंद ठेवून इंजिन पूर्ण तापू द्यावे. नंतर काही मिनिटे तसेच चालू ठेवावे. पुढे एसी लावून तेवढाच वेळ द्यावा. काही गाड्यांची रीत निराळी असते. ती गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावी. एवढे करूनही फेरे उतरले नाहीत, तर हवेची एखादी नळी निसटली वा चिरली आहे का, थ्रॉटल मळला आहे का, हे तपासून घ्यावे. सुटा भाग बदलणे हा शेवटचा उपाय होय.

स्नेह्यांच्या गाडीचे फेरे त्याच सायंकाळी ८०० वर स्थिरावले. नव्या भागाचा खर्च वाचला.

पुढील चातुर्मासासाठी एक सूचना. बॅटरीची तार काढून ठेवल्यास ती फारशी उतरत नाही, पण नोंद मात्र पुसली जाऊ शकते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवावी. नियमामुळे तेही शक्य नसेल, तर मंद गतीचा चार्जर जोडून ठेवावा. आणि दीर्घ विश्रांतीनंतर गाडी प्रथम सुरू करताना मुलांना अंगणाबाहेर ठेवावे.