तराफ्यावरचा मुक्काम

मालदीवच्या जलमहालांचे दर वाचून ज्यांचा उत्साह मावळला असेल, त्यांनी दक्षिण थायलंडमधील चिओ लान जलाशयाकडे दृष्टी वळवावी, अशी आमची शिफारस आहे. १९८७ साली पूर्णत्वास गेलेल्या रत्चप्रफा धरणाने जे खोरे गावांसकट बुडविले (ही बाब जाहिरातींत सहसा दर्ज नसते), त्याच्या हिरव्या पाण्यावर, चुनखडीच्या उत्तुंग कड्यांच्या पायथ्याशी, तराफ्यांवरील साध्या खोल्या दोरखंडांनी जखडून ठेविलेल्या असतात; भुईवर गादी, वर मच्छरदाणी, आणि जनित्र चालेल तेवढीच वीज. उंबरठा ओलांडताच पाऊल पाण्यात! नावेचे भाडे आणि खाओ सोक राष्ट्रीय उद्यानाचे, परदेशीयांकडून अंमळ चढेच घेतले जाणारे, प्रवेशशुल्क जमेस धरूनही हा मुक्काम मध्यमवर्गाच्या ऐपतीत बसतो.