मोडीत काढलेलं जुनं आणि विकत आणलेलं ‘जुनं’



सध्या आपल्या घरांत एक नवीन खूळ शिरलंय, ‘व्हिंटेज लुक’. नवा फ्लॅट घ्यायचा, भिंतीला विटांच्या चित्राचा कागद चिकटवायचा, जुन्या रेडिओसारखा दिसणारा ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा, कंदिलाच्या आकाराचा एलईडी दिवा टांगायचा आणि मुद्दाम रंग खरवडलेली पेटी कोपऱ्यात मांडायची. पाहुणे आले की सांगायचं, “आम्हाला बाई साधंच आवडतं, जुन्या काळासारखं.”

सुंदर घराला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो या ‘साधं’ शब्दाला. हा सरळ सरळ परिग्रह आहे, आणि साधेपणाचं नाव लावून येतो म्हणून जास्त फसवा आहे.

आपल्यापैकी कितीजणींच्या घरची पितळी घागर, तांब्याचा बंब, घंगाळ, परात किलोच्या भावाने मोडीत गेली? “जड आहे, घासायला कोण बसतंय” म्हणून गेली. आणि आता त्याच घंगाळाची नक्कल दुकानातून आणून त्यात पाणी आणि फुलं घालून दारात ठेवतो. शोभेच्या अशा बऱ्याच पितळी वस्तूंवर चमक टिकावी म्हणून लॅकरचा थर दिलेला असतो. त्यात स्वयंपाक करता येत नाही, तिला चिंच लावून घासायची सोय नाही. म्हणजे घासायचं भांडं विकलं आणि पुसायचं भांडं विकत आणलं. काम वाचलं कुठे?

जुन्या वस्तू देखण्या दिसतात, कारण त्यांच्यात फुकट काही नसतं. इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवा. त्या जातीची सर्वांत प्रसिद्ध खुर्ची मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली आणली. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, झाली खुर्ची. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावत. स्वस्त, हलकी, दिवसभर ओढाताण सोसणारी. आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम बघा. हातोडीचे ते ठोके नक्षीसाठी नाहीत. ठोक्याठोक्याने पत्रा कठीण होतो, भांडं टिकतं. आज यंत्रावरच्या पातळ भांड्यांवर तेच डाग नुसते शोभेला उठवतात. गुण गेला, खूण राहिली.

आता धर्माचं बोलू. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, मूर्च्छेवर, म्हणजे वस्तूत गुंतलेल्या मनावर केली आहे. श्रावकाच्या परिग्रह-परिमाणात घरदार, सोनंनाणं येतं तशी भांडीकुंडीही येतात. ज्या तांब्याच्या हंड्यात आपण रोज गाळलेलं पाणी भरतो, त्याला निदान गरजेचा आधार आहे. पण ज्या वस्तूचं कामच ‘लोकांना दिसणं’ हे आहे, तिच्यात मूर्च्छेशिवाय दुसरं आहे काय?

आणि जीवदयेचं काय? वापरातलं भांडं रोज हलतं, धुतलं जातं. शोभेचा कोरीव झरोका, बंद ग्रामोफोन, रिकामी पेटी महिनोन्‌महिने जागची हलत नाही. तिथे धूळ साचते, कोळी जाळं करतो, झुरळं अंडी घालतात. मग सणाच्या आधी आपण फडकं आणि फवारा घेऊन उभ्या राहतो. जीवांना घर आपणच करून द्यायचं आणि ते आपणच उद्ध्वस्त करायचं!

शिवाय या वस्तू कशाच्या आहेत हे कोणी विचारतं का? ‘बोन इनले’ म्हणून जी पांढऱ्या नक्षीची टेबलं, आरसे, डबे मिळतात, त्यातली पांढरी जडण बहुतेक वेळा उंटाच्या किंवा म्हशीच्या हाडाची असते. रेझिनचीही मिळते, पण विचारल्याशिवाय कळत नाही. जुन्या धाटणीच्या सुटकेसला चामड्याचे पट्टे असतात, सुरीला शिंगाची मूठ असते. भिंतीवर लावायला आणलेल्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणाऱ्या रसाच्या. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका दोनदा बघणाऱ्या आपण दिवाणखान्यात हाड मांडतो, हे मला सहन होत नाही.

“अहो, पण कल्हईवाला मिळत नाही, फ्लॅट लहान आहे,” असं माझ्या नणंदेची सून मला म्हणाली. तिचं खोटं नाही. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा आमटी कळकते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सगळी अडगळ जपा असं मी म्हणतच नाही. पितळी डब्यात डाळ-तांदूळ ठेवायला कल्हई लागत नाही. परातीत कणीक मळता येते. एक घागर ठेवा, चार द्या. मंदिराच्या भोजनशाळेला द्या, गरजवंताला द्या. जे ठेवाल ते वापरा. लहान घर हे नक्कल विकत आणायचं कारण कसं होतं, तेवढं मात्र मला कोणी समजावून सांगावं.

जुनेपण वापरून येतं. आजेसासूबाईंच्या पोळपाटाला मध्ये पडलेला खोलगट भाग पन्नास वर्षांच्या पोळ्यांनी पडलेला असतो. कारखान्यात पॉलिश पेपर घासून आणलेली झीज म्हणजे न केलेल्या कष्टांची बढाई आहे.

दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण प्रवचन ऐकतो, मान डोलावतो. यंदा त्या दिवशी घरी येऊन एक काम करा. दिवाणखान्यात उभ्या राहा आणि प्रत्येक वस्तूला विचारा: तू काय काम करतेस? तू कशाची बनली आहेस? तू नसलीस तर माझं काय अडेल? जिला तिन्ही उत्तरं देता येणार नाहीत, तिच्यासारखी दुसरी घरात आणायची नाही, एवढा वर्षभराचा नियम घ्या. आणि माळ्यावर सासूबाईंचा तांब्या पडला असेल, तर तो खाली काढा, चिंचेने घासा आणि उद्यापासून त्याने पाणी प्या.