‘जागतिक संगीत’ नावाचे गोदाम

फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिस येथे ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले आणि आपल्याकडे एकच जयघोष सुरू झाला. उस्ताद झाकिर हुसेन यांना तीन पुरस्कार मिळाले, बासरीवादक राकेश चौरसिया यांना दोन. झाकिर हुसेन यांच्या तिन्हींपैकी एक ‘शक्ती’ या संचाच्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेचा होता. पंतप्रधानांपासून गल्लीतल्या फलकांपर्यंत सर्वांनी ही राष्ट्राची विजययात्रा असल्याचे ठरवून टाकले. या कलावंतांच्या थोरवीविषयी वाद संभवत नाही. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेन गेले तेव्हा माहीमच्या या सुपुत्रासाठी हळहळलेल्या कोट्यवधींत प्रस्तुत लेखकही होता. आक्षेप आहे तो जयघोषाला; कारण त्या गदारोळात विचारावयाचे प्रश्न बुडून जातात.

पहिला प्रश्न असा की, हा पुरस्कार देतो कोण आणि कशाला? ग्रॅमी ही अमेरिकन ध्वनिमुद्रण व्यवसायाची संस्था. तिचे सभासद मतदान करतात. तिने केलेली वर्गवारी ही संगीताची नसून दुकानातील फळ्यांची आहे. इतिहासच पाहा. पंडित रविशंकर आणि येहुदी मेन्युइन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ या ध्वनिमुद्रिकेला १९६८ साली ग्रॅमी मिळाले ते ‘चेंबर म्युझिक’ या विभागात, म्हणजे बेथोवेनच्या तंतुवाद्य-चौकड्या ज्या पंक्तीत बसतात त्या पंक्तीत. पुढे १९८७ मध्ये लंडनमधील एका मद्यगृहात काही लहान ध्वनिमुद्रण कंपन्यांचे प्रतिनिधी जमले. युरोप-अमेरिकेबाहेरचे संगीत दुकानात कोठे ठेवावे, ही त्यांची अडचण होती. विद्यापीठांत आधीपासून वापरात असलेला ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द त्यांनी विक्रीची चिठ्ठी म्हणून उचलला. १९९२ पासून ग्रॅमीनेही तो विभाग उघडला आणि २००२ साली रविशंकरांचा सन्मान झाला तो याच विभागात. सतार तीच, रागसंगीत तेच. बदलली ती फक्त पंगत.

‘क्रोनॉस’ चौकडीने आल्बन बेर्गची रचना वाजविली तेव्हा २००४ साली तिला चेंबर संगीताचे ग्रॅमी मिळाले. त्याच चौकडीने आशा भोसले यांच्यासह राहुलदेव बर्मन यांची गाणी केली, तेव्हा तिचे नामांकन जागतिक संगीतात गेले. वाजविणारे हात बदलले नव्हते. २०२० मध्ये संस्थेने ‘वर्ल्ड’ हा शब्द काढून ‘ग्लोबल’ हा शब्द घातला आणि वसाहतवादी छटा पुसल्याचे समाधान मानले. गोदामावरची पाटी रंगविली, गोदाम तसेच राहिले. २०२४ मध्ये तर ‘अ‍ॅज वी स्पीक’ या एकाच ध्वनिमुद्रिकेला समकालीन वाद्यसंगीताचा आणि तिच्यातीलच ‘पश्तो’ या रचनेला जागतिक संगीताचा असे दोन पुरस्कार मिळाले! ज्या वर्गवारीचा अर्थ तिच्या निर्मात्यांनाच लावता येत नाही, ती आपण राष्ट्रीय अभिमानाची मोजपट्टी करावी काय?

दुसरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यातील युक्तिवाद साधा आहे. कारखान्यात यंत्र सुधारते, तासाचे उत्पादन वाढते आणि त्यातून मजुरी वाढू शकते. चौकडीला मात्र दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढी मिनिटे लागत, तेवढीच आजही लागतात. ख्यालाचा विलंबित एकताल अर्ध्या वेळात उरकून उत्पादकता वाढविता येत नाही. वादकाला मात्र घरभाडे आजच्या दराने भरावे लागते. म्हणून तिकिटांचे उत्पन्न आणि खर्च यांतील दरी वाढतच जाते. ती भरून काढण्याचे मार्ग तीनच: धनिकाची देणगी, समाजाचा पैसा, किंवा कलावंताचे दारिद्र्य. आपण बहुधा तिसरा मार्ग पत्करला आहे, आणि त्याला साधना असे गोंडस नाव दिले आहे.

ध्वनिमुद्रणाने ही दरी भरून निघेल, अशी एक आशा होती. ती फोल ठरली. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की, बारा महिन्यांत एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या मुद्रणाला मानधनाच्या निधीतून काहीच मिळणार नाही. हजारांच्या आतले कोण? नवखे, प्रादेशिक आणि संथ संगीत करणारे. मग उरतो दौरा. परदेश दौऱ्यासाठी अमेरिकेचा परवाना मागावयाचा, तर अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२४ रोजी ४६० डॉलरवरून कलावंतांच्या दोन मुख्य वर्गांसाठी अनुक्रमे १०५५ आणि १०१५ डॉलर झाले. लहान आणि ना-नफा संस्थांना सवलत आहे हे खरे. परंतु अर्ज फेटाळला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. विख्यात संच हा भार सहज उचलतो. ज्याचे नाव फलकावर नसते, त्या तरुण तबलजीचे किंवा सारंगियाचे काय?

कोणी म्हणेल, एका मोठ्या कलावंताला मान मिळाला की त्याच्या मागे इतरांसाठी दारे उघडतात. थोडी उघडतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बाजाराचा स्वभाव निराळा आहे. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्येच दाखविले की, मुद्रण आणि प्रक्षेपण यांमुळे एकच कलावंत कोट्यवधींपर्यंत पोचू शकतो. मग गुणवत्तेतील अल्प फरकाचे उत्पन्नातील प्रचंड फरकात रूपांतर होते. पुरस्कार हा फरक कमी करीत नाहीत, वाढवितात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचेही आपण कौतुक केले. परंतु भोपळ्यावर आयुष्य घालविणाऱ्या कारागिराच्या वृद्धापकाळाची तरतूद मानांकनाने होत नाही.

संस्थाने गेल्यावर आश्रयदात्याची जागा काही काळ आकाशवाणीने घेतली. १९५४ साली तिने संगीत संमेलन सुरू केले. बाळकृष्ण केसकरांच्या त्या धोरणात सोवळेपणा होता, चित्रपटगीतांविषयी अनुदारपणा होता. तरीही कलावंताला नियमित काम देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यात होते. ते आपण सोडून दिले आहे. इतरत्र ते जिवंत आहे. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत ५०७ तास काम केलेल्या प्रयोगकलावंताला बेकारी-विम्याचा हक्क मिळतो. आयर्लंडने २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याची योजना प्रयोगादाखल सुरू केली. युनेस्कोने कलावंताच्या दर्जाविषयीची शिफारस १९८० सालीच संमत केली. क्रोनॉसनेही २०१५ पासून पन्नास नव्या रचना करवून घेऊन त्यांच्या संहिता जगभरच्या वादकांना विनामूल्य दिल्या. संगीत ही सामाईक संपत्ती मानता येते, ती अशी.

आपल्याकडे निदान कायद्यातला हक्क तरी पदरात पडावा. लेखाधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने वादक-गायकांना त्यांच्या प्रयोगाच्या व्यापारी वापराबद्दल मानधनात वाटा मिळण्याचा हक्क दिला आहे. साथीदारांच्या करारात तो लिहिला जातो काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या संगीत मंडळांत विचारावे. साथीदाराची बिदागी लेखी ठरावी, नगरपालिकांची नाट्यगृहे लहान मैफलींना परवडणाऱ्या भाड्यात मिळावीत, आणि कलावंत व वाद्यकारागीर यांना सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत आणावे, या मागण्या घेऊन आपण उभे राहिले पाहिजे. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा पुरस्कार जाहीर होतील, पुन्हा फलक लागतील. ते लावणाऱ्या आमदार-खासदारांना या मागण्यांचे काय झाले, एवढे तरी त्या दिवशी विचारावे.