उमेदवारीची वही

कचेरी आणि चावडी : ‘दफ्तरदार’

गेल्या पंधरवड्यात एका सहकारी पतसंस्थेचे नवनिर्वाचित अध्यक्ष माझ्याकडे आले होते. वय तिशीच्या आतबाहेर, मुद्रा प्रसन्न, वाणी मधुर, आणि हातात एका तीन दिवसांच्या निवासी ‘नेतृत्वविकास’ शिबिराचे गुळगुळीत पत्रक, ज्याच्या अखेरीस भोजन, प्रशस्तिपत्र व समूहछायाचित्र ही तिन्ही शुल्कात अंतर्भूत असल्याचे ठळक अक्षरांत नमूद केलेले होते. “काका, जाऊ का?” एवढाच त्यांचा प्रश्न. मी उत्तर देण्याऐवजी उलट विचारले की, संस्थेची थकबाकी आजमितीस किती. तेव्हा असा प्रश्न आला म्हणजे उजव्या हाताला बसलेल्या व्यवस्थापकाकडे पाहण्याची सवय जडलेली असल्यामुळे ते उजवीकडे वळले, आणि तेथे माझे पुस्तकांचे कपाट होते.

त्याच कपाटाच्या मधल्या फळीवर गोपाळ कृष्ण गोखल्यांची चरित्रे आहेत, हा निव्वळ योगायोग. परंतु पाहुणे गेल्यावर मी त्यांतले एक काढून बसलो, आणि आजच्या लेखाचा विषय मला तेथे सापडला.

आत्मपरीक्षण हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. निवडणूक हरलेला पक्ष दुसऱ्या दिवशी आत्मपरीक्षणाची घोषणा करतो आणि तिसऱ्या दिवशी दोष कार्यकर्त्यांच्या पदरात घालतो. गोखल्यांच्या बाबतीत हा शब्द मी वापरतो तो निराळ्या अर्थाने. विशीच्या आरंभीच न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागलेल्या ह्या फर्ग्युसनच्या प्राध्यापकास गुरूने प्रथम जे शिकविले ते वक्तृत्व नव्हे; सरकारी अहवाल आणि ‘ब्लू बुके’ समोर टाकून त्यांतील आकडे तपासावयास, अर्जाचा मसुदा लिहावयास, आणि तो नापसंत होऊन परत आला की मुकाट्याने पुन्हा लिहावयास लावले. इतक्या मेहनतीने केलेल्या अर्जांना सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर येते, मग हा खटाटोप कशासाठी, अशी तक्रार शिष्याने केली, तेव्हा हे अर्ज नावाला सरकारच्या नावे असले तरी वस्तुतः ते लोकांसाठी आहेत, लोकांनी विचार कसा करावा हे त्यांतून शिकावयाचे आहे, असे रानड्यांनी सांगितल्याचे गोखल्यांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. माणसाला स्वतःची खरी ओळख आरशापुढे होत नाही. आपल्या मसुद्यावर दुसऱ्याने मारलेल्या रेघांतून ती होते.

ह्या तालमीचे पहिले फळ १८९७ च्या एप्रिलात दिसले. लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देताना, वयाची एकतीस वर्षेही पुरी न झालेल्या ह्या शिक्षकाने उलटतपासणीला जी उत्तरे दिली त्यांनी जाणती मंडळी थक्क झाली. आणि लगेच, त्याच मुक्कामात, त्यांच्या हातून आयुष्यातील सर्वांत मोठी चूक घडली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सोजिरांच्या जुलमाची पत्रे मित्रांकडून येत होती; दोन स्त्रियांवर अत्याचार झाला व त्यांतील एकीने जीव दिला, हा पत्रांतील मजकूर खरा मानून गोखल्यांनी तो ‘मँचेस्टर गार्डियन’च्या प्रतिनिधीस सांगितला, आणि पार्लमेंटात गदारोळ उडाला. मुंबईस परत येऊन पाहतात तो पुरावा द्यावयास कोणीही पुढे येईना. पत्रलेखकांची नावे सांगून आपली मान सोडवून घेणे शक्य होते. ती त्यांनी सांगितली नाहीत. प्लेग-अधिकारी रँडच्या खुनामुळे वातावरण पेटलेले, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून नुकतीच अटक झालेली, अशा वेळी त्यांनी गव्हर्नरांची व सैनिकांची जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली.

पुण्याने त्यांना भेकड ठरविले. घरोघरच्या झडत्यांत लोकांनी सोसलेला छळ खोटा नव्हता, आणि माफीची भाषा गरजेपेक्षा अधिक वाकलेली होती, असे मलाही वाटते. परंतु सिद्ध करता न येणारा आरोप आपण केला, तो आपणच मागे घेतला पाहिजे, आणि तो मागे घेताना मित्रांच्या आड लपता कामा नये, हे ज्याला स्वतःच्या अब्रूची राखरांगोळी होत असताना उमगले, त्याला भेकड म्हणावयास माझी लेखणी धजत नाही. आपल्या संस्थांतून इतिवृत्त ‘दुरुस्त’ करून चुका नाहीशा करण्याची जी कला विकसित झाली आहे तिच्याशेजारी ही माफी ठेवून पाहावी.

मला ह्याहून विलक्षण वाटते ते त्यानंतरचे एक टिपण. ह्या मानहानीला जेमतेम सहा महिने झाले होते. १८९८ च्या फेब्रुवारीत गोखल्यांनी श्रीगुरुदत्तात्रेयाचे स्मरण करून काही संकल्प लिहून काढले, आणि त्यांत ना पश्चात्तापाचे उमाळे आहेत, ना विरोधकांवर ठपका. नियमित योगाभ्यास करावयाचा. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोल, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र ह्यांचे चांगले ज्ञान मिळवावयाचे. फ्रेंच भाषा शिकावयाची. मग मुंबई कायदेमंडळाचे, नंतर वरिष्ठ कायदेमंडळाचे, आणि सरतेशेवटी ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद व्हावयाचे. ज्याच्या नावाने पुण्यात शिमगा चालू आहे असा, कोतळूकसारख्या खेड्यात जन्मलेला एक शिक्षक ही यादी लिहितो, हे वाचून प्रथम हसू येते. नंतर ध्यानात येते की ही महत्त्वाकांक्षेची यादी कमी आणि उणिवांची अधिक आहे. ‘मला फ्रेंच येत नाही’ हे कबूल केल्यावाचून ‘फ्रेंच शिकेन’ हे वाक्य लिहिता येत नाही. पार्लमेंट राहिले, पण वर्ष-दोन वर्षांत मुंबईचे आणि १९०२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळाचे आसन त्यांना लाभले, आणि त्याच साली फर्ग्युसनमधील नोकरीतून ते निवृत्त झाले.

त्या १९०२ च्या मार्चमधील त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण पुष्कळांना ऐकून माहीत असते; त्यामागचे हात कोणास ठाऊक नसतात. सरकारी शाळेतील मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी हे आकडेशास्त्रात गोखल्यांहून वरचढ होते, आणि गोखल्यांना ते पक्के माहीत होते. म्हणून वेल्बीची साक्ष असो की अंदाजपत्रक असो, ते जोश्यांना पत्रे लिहून मुलकी व लष्करी खर्चाची कोष्टके मागवीत, शंका विचारीत, मसुदे तपासून घेत. सरकार ज्या शिलकीचा अभिमान मिरवीत होते ती शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेहून अधिक वसूल केलेला कर होय, हे त्या सभागृहात मांडणारा आवाज एकाचा होता, हिशेब दोघांचा होता. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. छप्पर फाटेपर्यंत टाळ्या घेणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली. मिठाचा दर उतरविणारी फार थोडी.

गोखल्यांना सारेच साधले असे नाही. लोकसमुदाय हलविण्याची टिळकांची शक्ती त्यांच्यापाशी नव्हती. टीका त्यांना जिव्हारी लागे. १९०७ ची सुरतेची फाटाफूट त्यांना टाळता आली नाही. स्वतःच्या मर्यादा आधीपासूनच ओळखून की काय, १९०५ च्या १२ जूनला पुण्यात स्थापिलेल्या भारत सेवक समाजात त्यांनी प्रवेशार्थी सभासदासाठी पाच वर्षांची तालीम घालून दिली. तीन दिवसांची नव्हे. आणि दक्षिण आफ्रिकेचा लढा गाजवून १९१५ मध्ये परतलेल्या गांधींनाही त्यांनी वर्षभर देश पाहावा, जाहीर बोलू नये, असेच सांगितले. गांधींनी ते पाळले. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या १९ तारखेला गोखले वारले.

तरुण अध्यक्षांनी शिबिरास जावे की न जावे ह्याविषयी माझा आग्रह नाही. भोजन चांगले असेल तर अवश्य जावे. परंतु अध्यक्षमहाशय, वार्षिक सभेची नोटीस निघण्यापूर्वी संस्थेचा ताळेबंद घरी न्या, दार लावून तो पहिल्या कलमापासून वाचा, जे कळणार नाही त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करा, आणि दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन स्वतः उठून हिशेबनिसाच्या टेबलापाशी जा. त्याला आपल्या दालनात बोलावू नका. किती खुणा झाल्या ते मला कळवा.