वही पुजावी, वाचावीही

आश्विन अमावास्येला दिवेलागणीच्या सुमारास आपण लक्ष्मीपूजनाची मांडणी करतो. लाह्या-बत्तासे, नाणी, नवी केरसुणी आणि तांबड्या बांधणीची कोरी वही यांना एकाच तबकातले हळदकुंकू वाहतो. अहिल्यानगरच्या आडते बाजारात, डाळ मंडईत, कापड बाजारात पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या वह्या उघडतात, पहिल्या पानावर ‘श्री’ उमटते आणि विक्रम संवताचे नवे वर्ष सुरू होते. हिशेब कधीच संगणकात गेले असले तरी वही पुजण्याची रीत टिकून आहे, आणि ती टिकायलाच हवी. संपत्ती घरी येणे हा देवीचा प्रसाद असला, तरी आलेल्या संपत्तीची नोंद ठेवणे हे आपले काम आहे, हेच आपले पूर्वज लक्ष्मीशेजारी वही मांडून सांगून गेले.

दुकानात पुजली जाणारी ही वही घरात मात्र क्वचितच दिसते. दिवाळीच्या तोंडावर कुणाच्या हाती बोनस येतो, कुणाच्या खात्यात उसाचा हप्ता जमा होतो, कुणी मोंढ्यावरून कांद्याची पट्टी घेऊन परततो. चार दिवस घर उजळून निघते आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत त्यातले किती कुठे गेले हे कुणालाच धड सांगता येत नाही. पूर्वी नोट हातातून सुटताना मोजली जाई. आता मोबाईल समोर धरला की पैसे गेलेले असतात आणि गेल्याची जाणीवही बोटांना होत नाही. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी, अडल्या वेळेची शिल्लक, गरजवंताला द्यायचा हात, हे सारे आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते वाटणे खरेही असते. तरीही महिनाअखेरीस या गोष्टींच्या वाट्याला बाकीचे सगळे भागल्यावर उरलेले तेवढेच येते. मन आणि खर्च यांतले हे अंतर लिहून पाहिल्याखेरीज डोळ्यांपुढे येत नाही.

याचा धडा घ्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे अवर्षणाने गांजलेले आणि पोटासाठी गाव सोडावे लागणाऱ्या माणसांचे खेडे होते. 1989मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले, झाडे जपली. पण अडवलेले पाणीही बेहिशेबी उपशाने सरतेच, हे ओळखून गावाने पुढचे पाऊल टाकले आणि पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पावसाळा सरला की किती पाऊस झाला, किती पाणी हाती आहे, हे ग्रामसभेपुढे ठेवले जाते. त्यातून आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला निघते; मग शेतीचा विचार होतो आणि त्या पाण्यात बसतील तीच पिके घेतली जातात. उसासारखे तहानलेले पीक आणि शेतीसाठी बोअर गावाने स्वतःहून वर्ज्य केले. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी पेराही कमी. या सगळ्याचे मर्म क्रमात आहे. कुणाची तहान आधी, हे पाणी उपसण्यापूर्वी ठरते; म्हणून जे महत्त्वाचे ते उरल्यासुरल्यावर अवलंबून राहत नाही.

ज्या माउलीचे नाव 2024मध्ये आपल्या जिल्ह्याने धारण केले, तिचाही शिरस्ता असाच होता. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला 1725मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरहून जवळजवळ तीन दशके राज्य सांभाळले. होळकरांच्या घरात दौलतीचा पैसा वेगळा आणि राजघराण्यातील स्त्रियांच्या हक्काच्या खासगी जहागिरीचा पैसा वेगळा असे. राज्याचा खर्च दौलतीतून चाले; काशीपासून सोमनाथापर्यंत आणि गयेपासून रामेश्वरापर्यंत उभी राहिलेली मंदिरे, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांसाठी अहिल्याबाईंनी आपल्या खासगीची कोठी उघडली. रयतेचा पैसा आणि स्वतःचा पैसा यांच्यातली रेघ त्यांनी पुसू दिली नाही आणि जो स्वतःचा होता तो आपल्या श्रद्धेच्या कामी लावला. एवढे विस्तीर्ण दातृत्व हिशेबाच्या शिस्तीतूनच उभे राहिले, हे आपण विसरता कामा नये. हिशेब ठेवणाऱ्याचा हात आखडतो, हा समज त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

आपल्या घरासाठी तरी याहून वेगळे काय लागते? एक साधी वही आणि रात्री जेवणे आटोपल्यावरची पाच मिनिटे. दूध, किराणा, पेट्रोल, फी, हप्ता, उसनवारी, जे गेले ते त्याच दिवशी लिहावे. महिना भरला की खर्च ओळीने वाचावा आणि प्रत्येक खर्चाला विचारावे, की आपल्याला जे जपायचे आहे त्याच्याशी तुझे नाते काय? दुसऱ्या महिन्यापासून पैसे हाती येताच आधी पिण्याचे पाणी बाजूला काढावे, म्हणजे शिक्षणाचे, औषधाचे, अडचणीचे, दानाचे. सणाचेही पान त्यात हवेच. भाऊबीजेची ओवाळणी आणि लेकीची माहेरवाट यांत कंजुषी करून साधलेली शिल्लक कुठल्या घराला शोभते?

आणि ही वही एकट्या कर्त्याची नसावी. गावोगावच्या बचत गटांतल्या बायाबापड्या आज रुपया-रुपयाची बचत, कर्ज आणि व्याज गटाच्या बैठकीत सर्वांसमक्ष मांडतात. त्यांच्या हातचा हा चोखपणा घराच्या व्यवहारातही मानाने आला पाहिजे. हिवरे बाजारचा ताळेबंद पाळला जातो, कारण तो साऱ्या गावाने मिळून मान्य केलेला असतो. घरचा हिशेबही नवरा-बायको, म्हातारी माणसे आणि जाणती मुले एकत्र बसून वाचतील तेव्हाच त्यातला नकार कुणाला टोचणार नाही आणि त्यातला होकार सर्वांचा होईल. पैसा कमी असणे अनेकदा आपल्या हाती नसते. आहे त्यातले आधी कुणाला, हे ठरवणे मात्र आपल्या हाती असते, आणि जे हाती आहे ते टाळण्याची मुभा गृहस्थधर्म आपल्याला देत नाही. यंदाच्या पाडव्याला नवी वही पुजताना हा धर्म आपण आपल्या घरापासून पाळायला लागू या.