किमान बोलीचा हिशेब

पत्त्यांच्या जुगारासारखा विषय कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, जें घरांतील तरुण मंडळी पाठीमागें शिकतात, त्याची चर्चा वडीलधाऱ्यांसमक्ष झालेली अधिक बरी. शिवाय पोकर या खेळांतील आजचा प्रश्न पत्त्यांपेक्षां त्रैराशिकाचाच अधिक आहे. तो प्रश्न असा: कमींत कमी बोली लावण्यांत शहाणपण किती?

पोकर हा अमेरिकेंतला खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यू ऑर्लिन्स शहरीं व मिसिसिपी नदीवरील आगबोटींत तो वाढला. त्याच्या ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारांत प्रत्येकास दोन झांकलेलीं पानें मिळतात, आणि मध्यें पांच पानें उघडलीं जातात. प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक टप्प्यास बोली होते. आरंभीं एका खेळाडूस ‘बिग ब्लाइंड’ नांवाची ठराविक रक्कम मांडावीच लागते, आणि पुढें कोणाचीही बोली तिच्याहून कमी चालत नाहीं. हीच किमान बोली. समोरच्यानें तितकीच रक्कम टाकावी, वाढवावी, किंवा पानें खालीं ठेवावीं.

प्रथम गुण पाहूं. मधल्या राशींत १०० चकत्या आहेत व किमान बोली १० ची आहे, असें धरूं. हातीं कांहीं नसतां १० ची थाप मारली, तर अकरांत एकदां प्रतिपक्ष्यानें पानें टाकलीं तरी नफातोटा सारखा. तीच थाप ५० ची असेल तर तिनांत एकदां साधावी लागते. दुसरें असें कीं, पानें मध्यम असतां आपण गप्प बसलों तर समोरचा मोठी बोली लावण्याचा संभव असतो. आधींच थोडकें बोललें तर तो पुष्कळदां तेवढ्यावर थांबतो. आणि हरलोंच तर थोडक्यांत सुटका.

आतां दोष. जी बोली आपणांस स्वस्त, ती प्रतिपक्ष्यासही स्वस्तच. समजा, त्याच्या हातीं दोन बदाम आहेत, आणि उघडलेल्या तिनांतही दोन बदाम आहेत. आणखी एक बदाम आला कीं पांच पानें एका जातीचीं होऊन तो बहुधा जिंकणार. त्यास न दिसलेलीं पानें ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पुढील पानास बदाम येण्याचा संभव शेंकडा १९. आपण १० बोललों, तर ११० मिळविण्यासाठीं त्यास १० द्यावे लागतात. बारांत एकदां साधलें तरी त्याचें भागतें. आपणच पाट मांडून त्यास पंक्तीस बसविलें, असें झालें! हेंच ५० बोललों असतों तर त्यास शेंकडा २५ संभव हवा होता. (पुढील बोलींचा विचार येथें सोडला आहे.) शिवाय पानें उत्तम असतां १० बोललों आणि त्यानें तितकेच दिले, तर रास १२० वरच राहते, १०० बोललों असतों तर ती ३०० झाली असती.

आणखी एक धोका आहे. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पोकरचा एक साधा नमुना गणितानें तपासला. त्यांत एक लहान व एक मोठी, अशा दोनच बोली होत्या. चांगल्या पानांवर मोठी व पडत्या पानांवर नेहमीं लहान बोली लावणाराचें मन समोरच्यास उघड्या पोथीसारखें वाचतां येतें. म्हणून पडत्या पानांवरही क्वचित् मोठी बोली हवी, हें त्यांनीं दाखविलें.

सारांश, बोली लहान कीं मोठी हें आपल्या थैलीवरून ठरत नाहीं, मधल्या राशीवरून ठरतें. घरोघरीं मात्र नेमकें उलट होतें. दिवाळींतल्या तीन पत्तींत “दहा रुपयांनीं काय होणार?” असें म्हणून आपण थैलीकडेच पाहतों. एका बैठकींत तीस डाव झाले, तर त्या दहांचे तीनशें होतात. सभापर्वांत युधिष्ठिरानें प्रथम राज्य लाविलें नव्हतें, एक रत्नहार लाविला होता; त्याच्या वैभवापुढें ती किमान बोलीच होती. गेलेल्याच्या मानानें पुढचा पण प्रत्येक वेळीं सोसण्याजोगा वाटत गेला, आणि शेवटीं बंधु, स्वतः व द्रौपदी हींही पणास लागलीं. लहान बोलीचें खरें सामर्थ्य हेंच कीं, ती माणसास उठूं देत नाहीं.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घालणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें संमत केला. परंतु घरांतल्या सतरंजीवर कायदा येऊन बसत नाहीं. तेथें काका, आत्या आणि थोरले बंधु यांनींच बसावें. चिंचोके मांडून मुलांना हा खेळ खुशाल दाखवावा, आणि प्रत्येक बोलीपूर्वीं विचारावें: मध्यें किती आहे, द्यावयाचें किती, आणि संभव किती? तीन उत्तरें तोंडीं देतां येईपर्यंत चिंचोक्याच्या जागीं रुपया येऊं देऊं नये. आणि तीं देतां येऊं लागलीं, कीं रुपया मांडावा असें मुलांनाच वाटणार नाहीं, असा आमचा अंदाज आहे.