अर्धे तिकीट आणि कशेडीचा बोगदा

पोलादपूर आणि खेड या दोन तालुक्यांच्या सीमेवर कशेडीचा घाट उभा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या प्रवाशाला त्याची वळणे, पावसाळ्यातील दरडी आणि मालमोटारींच्या मागे रखडणे चांगलेच परिचित होते. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर घाटाखालचा बोगदा प्रथम हलक्या वाहनांसाठी, तोही एकेरी आणि तात्पुरता, खुला करण्यात आला. पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांवर आला. पहाटे मुंबई सोडणारे मोटारवाले कुटुंब आता दुपारच्या जेवणाला हर्णै-मुरूडच्या किनाऱ्यावर पोहोचू शकते, याचे सर्वत्र कौतुक झाले. ते अस्थानी नव्हते. रुग्णवाहिकेलाही बोगद्याचा उपयोग होतोच.

त्याच वर्षी, १७ मार्चपासून, राज्य शासनाने एस. टी.च्या सर्व गाड्यांमध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. पंच्याहत्तर वर्षांवरील वृद्धांना आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून मोफत प्रवास होताच. या दोन्ही निर्णयांवर शहाण्यासुरत्या मंडळींनी टीका केली. बायका आता उगाच हिंडतील, तिजोरी रिकामी होईल, ही सारी रेवडी आहे, असे सांगण्यात आले. डोंगर पोखरण्यासाठी शासनाने जो पैसा ओतला त्याला मात्र कोणी रेवडी म्हटल्याचे आढळत नाही. त्याचे नाव विकास.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. रस्त्याच्या प्रकल्पाचा लाभ मोजताना अर्थशास्त्रज्ञ वाचलेल्या वेळेची किंमत धरतात, आणि ती बहुधा प्रवाशाच्या मिळकतीवरून ठरते. मोठ्या पगाराच्या गृहस्थाचा अर्धा तास महाग, मजुराचा स्वस्त. आणि जिच्या कामाला मोबदलाच नाही त्या गृहिणीचा जवळजवळ फुकट. अशा हिशेबात बोगदा नेहमीच फायद्यात आणि अर्धे तिकीट नेहमीच तोट्यात निघणार. मोटारवाला इंधनावर कर भरतो, हे उत्तर ठरलेले आहे. पण एस. टी.च्या तिकिटातही डिझेलवरचा कर असतो, आणि प्रवासी कराचे ओझे त्यावर वर्षानुवर्षे आहे ते वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले. अर्धे तिकीट म्हणजे त्या वाढलेल्या भाड्याचे अर्धे.

कशेडीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतील चार बायका एका रविवारी समुद्र पाहावयास निघाल्या आहेत, असे धरून चालावे. रायगड हा किनाऱ्याचा जिल्हा म्हणून मिरवतो, पण पोलादपूर डोंगराच्या कुशीतले. सावित्री नदी महाबळेश्वराहून उतरते, पोलादपूर-महाडवरून वाहत जाते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. तिच्या काठी भांडी घासण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांतील कित्येकींनी त्या पाण्याचा शेवट पाहिलेला नसतो. घरातले पुरुष मुंबईला. शेती, गुरे, म्हातारीकोतारी यांचा भार बाईवर. घराबाहेर पडायचे ते दवाखान्यासाठी, लग्नासाठी, मयतीसाठी किंवा देवासाठी. निव्वळ वाळूत बसण्यासाठी तिकीट काढणे ही चैन, असे तिला लहानपणापासून शिकविलेले असते. त्या चौघी भाकऱ्या बांधून घेतात, खेडला गाडी बदलतात, दापोलीला पुन्हा बदलतात. पंधरा-सोळा किलोमीटर पुढे हर्णै. समोर सुवर्णदुर्ग. पाण्यात पाय बुडवून उभे राहायचे, ओली सुकट घ्यावी की कोरडी यावर वाद घालायचा, आणि काहीही न करता तासभर बसायचे. या तासाची किंमत कोणत्या कोष्टकात बसवावी?

विश्रांती ही श्रीमंतांनी दिलेली देणगी कधीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेऊन, अर्ज करून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. फ्रान्समध्ये १९३६ साली ब्लूम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि तेवढ्यावर न थांबता रेल्वेच्या भाड्यात त्यांच्यासाठी मोठी सवलत ठेवली. अनेक कामगार कुटुंबांनी समुद्र प्रथम पाहिला तो त्या उन्हाळ्यात. तेव्हाही तेथील प्रतिष्ठितांना किनाऱ्यावरची ही नवी गर्दी रुचली नव्हतीच. रजा आणि भाडे यांची सांगड घातल्यावाचून सुट्टी कागदावर राहते, ही समज त्या सरकारला होती. आपल्याकडे कायद्यातील भरपगारी रजा संघटित कामगारापाशीच थांबली. वाडीतल्या बाईला तर रविवारही नाही. तिच्या वाट्याला निदान अर्धे भाडे आले आहे.

परंतु नुसते अर्धे भाडे पुरत नाही, गाडी असावी लागते. २०२१-२२ च्या दीर्घ संपानंतर एस. टी.चा ताफा आकसला. जुन्या गाड्या वाटेत बंद पडतात, आणि सवलतीची भरपाई शासनाकडून वेळेवर न मिळाल्यास त्याची झळ महामंडळाला, म्हणजे अखेरीस खेड्यातल्या फेरीला बसते. सवलत जाहीर करायची आणि फेरी कमी होऊ द्यायची, हा एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा प्रकार होय.

हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव दिवस कलताना रंगात येतो. होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात उतरतात, किनाऱ्यावर टोपल्यांच्या रांगा मांडल्या जातात. मोटारीने आलेली कुटुंबे तो निवांत पाहतात. अंधार पडला तरी बोगदा आहेच. त्या चौघींना मात्र दापोलीची गाडी चुकली तर खेडची चुकते आणि खेडची चुकली तर रात्र स्थानकावर काढावी लागते. म्हणून पहिली होडी लागत असतानाच त्या पदराला पाय पुसून उठतात. रविवारी पोलादपुराहून थेट हर्णैला जाणारी आणि लिलाव आटोपल्यावर परत फिरणारी एक गाडी सोडावयास डोंगर पोखरावा लागत नाही.